खासगी एकशिक्षकी शाळा : कायद्याला अमान्य, तरी गल्लोगल्ली चालू

निवृत्त झालेल्या एखाद्या मुख्याध्यापिकेने, किंवा डी.एड. होऊन भरतीची वाट पाहत बसलेल्या एखाद्या तरुणाने, घराच्या पुढच्या खोलीत वीस मुले जमवून सायंकाळी पाच ते सात या वेळेत त्यांना मराठी, गणित आणि इंग्रजी शिकवले, तर त्याला आपण शिकवणी म्हणतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. त्याच व्यक्तीने त्याच खोलीत, त्याच मुलांना, सकाळी अकरा ते पाच या वेळेत तेच विषय शिकवले आणि दारावर ‘प्राथमिक शाळा’ अशी पाटी लावली, तर मात्र तो बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १८ चा भंग ठरतो. त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही शाळा चालूच राहिली, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकच शिक्षक, पंधरा ते तीस मुले, एक किंवा दोन खोल्या आणि पालकांनी दिलेल्या शुल्कावर चालणारा संसार, अशा शाळेला या लेखात खासगी एकशिक्षकी शाळा म्हटले आहे. आजच्या शिक्षणव्यवस्थेत तिला जागा आहे का, हा प्रश्न वरवर पाहता जुन्या आठवणींत रमणाऱ्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याचा, पैशांचा, अध्यापनाच्या तंत्राचा आणि मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, आपला कायदा अशा शाळेला ‘शिक्षक किती आहेत’ हा प्रश्न आधी विचारतो, तर ‘शिक्षक कसा आहे आणि त्याच्यावर देखरेख कोणाची आहे’ हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

प्रथम कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला हा अधिनियम सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या शाळा वगळता इतर कोणतीही शाळा मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय सुरू करता येत नाही. ते प्रमाणपत्र मिळण्यासाठी अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीतील निकष पूर्ण करावे लागतात. अनुसूचीचा पहिलाच निकष शिक्षकसंख्येचा आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन, असे ते कोष्टक पुढे जाते. या कोष्टकात ‘एक शिक्षक’ अशी ओळच नाही. शाळेत साठ मुले असोत की सहा असोत, किमान दोन शिक्षक हवेतच. त्याशिवाय प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय-कम-भांडारखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय हे सारे आलेच. शिवाय शाळा एखाद्या व्यक्तीच्या नावावर चालत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था किंवा न्यास लागतो. महाराष्ट्रात त्यावर स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या अधिनियमाची आणखी एक चाळणी आहे. थोडक्यात, एकट्या शिक्षकाने रीतसर अर्ज करायचे ठरवले, तरी त्याच्या अर्जाला लागू होईल असा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

आता दुसरी बाजू पाहू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० या दस्तऐवजातच नमूद केले आहे की, २०१६-१७ या वर्षी देशात १,०८,०१७ एकशिक्षकी शाळा होत्या आणि त्यांपैकी ८५,७४३ शाळा पहिली ते पाचवीच्या होत्या. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीतही हा आकडा एक लाखाच्या वरच राहिला असून महाराष्ट्रातील अशा शाळांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे. यांतील बहुतेक शाळा सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या आहेत. दोन शिक्षकांचा निकष त्यांनाही लागू आहे. मात्र तो मोडल्याबद्दल एखाद्या जिल्हा परिषदेला रोज दहा हजार रुपये दंड होण्याची तरतूद अधिनियमात नाही. एका शिक्षकाने चार-पाच वर्ग सांभाळणे हे शैक्षणिकदृष्ट्या अशक्य असेल, तर ते सरकारी शाळेतही अशक्य आहे. आणि शक्य असेल, तर खासगी शाळेला त्याच कारणासाठी दार बंद करण्याला तर्काचा आधार उरत नाही.

या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या जागाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था वगळल्या गेल्या. त्यामुळे एका गुरुजींची वेदपाठशाळा किंवा एका मौलवींचा मदरसा कायद्याने चालू शकतो, पण एका बाईंची गणित-भाषेची शाळा चालू शकत नाही. सहा वर्षांखालील मुलांच्या वर्गांना या कायद्याची मान्यतेची अट लागू होत नाही, म्हणून एकाच ताईंनी चालवलेल्या खासगी बालवाड्या शहरांच्या वस्त्यावस्त्यांत मुबलक आहेत. शिकवण्यांविषयी या कायद्याने एवढेच म्हटले आहे की, शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. बाकीच्यांना मोकळीक आहे. म्हणजे खासगी एकशिक्षकी शाळा नाहीशी झालेली नाही. सहाच्या आत ती बालवाडी होते, सहानंतर शिकवणी होते आणि मुलाची हजेरी मात्र दुसऱ्याच कोणत्या तरी मान्यताप्राप्त शाळेच्या हजेरीपटावर लागत राहते.

ही शाळा आली कुठून, हे कळल्याशिवाय तिच्याविषयीचा आजचा संशय समजणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात शाळा म्हणजे बहुधा पंतोजींचीच शाळा असे. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदवून ठेवले आहे की, इलाख्यात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल जिथे निदान एक शाळा नाही, आणि मोठ्या गावांत तर त्याहून अधिक आहेत. या शाळांना इमारत नसे. देवळाची ओसरी, वाड्याची पडवी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर पुरे होई. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत, मोडी वाचत-लिहीत आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करत, कारण दुकानात आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात त्यांचाच उपयोग होता. इयत्ता नावाची गोष्ट नव्हती. मूल केव्हाही दाखल होई, आपल्या गतीने पुढे सरके, आणि पुढे गेलेले मूल मागच्याला पाढे म्हणून दाखवी. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची ही देशी पद्धत अँड्र्यू बेल यांनी मद्रासमध्ये पाहिली, तेथील अनाथ मुलांच्या शाळेत वापरली, १७९७ मध्ये तिच्यावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि पुढे इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत ती मोठ्या प्रमाणावर पसरली. त्या काळात उलट दिशेने झालेल्या या प्रवासाचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही.

पण या शाळांचे गुणगान करताना त्यांच्या ओसरीवर कोण बसू शकत होते, हेही सांगावे लागते. मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. अंगठे धरून उभे करण्यापासून फोकाच्या मारापर्यंत शिक्षा नित्याच्या होत्या.

या शाळांचे सर्वांत परखड आणि तरीही सर्वांत न्याय्य मूल्यमापन जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात सापडते. शिक्षण खात्याच्या तत्कालीन अहवालाचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, इलाख्यात अशा १,०४९ देशी शाळा असून त्यांत २७,६९४ विद्यार्थी आहेत. भागाकार केला तर शाळेमागे सव्वीस-सत्तावीस मुले येतात, म्हणजे आज आपण ज्या आकाराच्या शाळेविषयी बोलत आहोत तोच आकार. शुल्क दोन ते आठ आणे होते. पाढे, थोडे मोडी वाचन-लेखन आणि काही धार्मिक पाठांतर यापलीकडे तिथे फारसे काही शिकवले जात नाही, शिक्षकांना अध्यापनकलेची ओळखही नसते, आणि दुसऱ्या कोणत्याच व्यवसायात जम न बसलेली माणसे पोटासाठी शाळा काढून बसतात, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. जोतीरावांनी मात्र त्या शाळा बंद कराव्यात असे सुचवले नाही. पंतोजी प्रमाणपत्रधारक नसेल तर अशा शाळेला सरकारी अनुदान देऊ नये, पण प्रमाणपत्रधारक किंवा सक्षम शिक्षक मिळाला तर अनुदान जरूर द्यावे, त्यातून फार चांगले निष्पन्न होईल, असे त्यांचे मत होते.

शाळेची इमारत, खोल्यांची संख्या, शिक्षकांची संख्या यांपैकी कशावरही जोतीरावांनी बोट ठेवले नाही. त्यांनी शिक्षकाच्या तयारीवर बोट ठेवले. त्याच निवेदनात त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती, हे विसरून चालणार नाही. म्हणजे सक्ती मागणारा आणि लहान खासगी शाळेला सशर्त मदत मागणारा माणूस एकच होता. आज या दोन भूमिका परस्परविरोधी मानल्या जातात.

पुढे लोकल फंडाच्या (स्थानिक कराच्या निधीतून चालणाऱ्या) आणि नगरपालिकांच्या शाळा वाढल्या, इयत्ता आल्या, छापील क्रमिक पुस्तके आली, परीक्षा आल्या आणि पंतोजी मागे पडले. गोव्यात मात्र चित्र निराळे होते. पोर्तुगीज राजवटीत सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून असल्यामुळे मराठी शिक्षणाचा भार बराच काळ गावोगावच्या लहान खासगी शाळांनी वाहिला. १९६१ नंतर, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात, सरकारी मराठी प्राथमिक शाळा झपाट्याने निघाल्या, तेव्हा मराठी वाचू शकणारा पालकवर्ग तिथे आधीच होता, याचे श्रेय त्या जुन्या शाळांना द्यावे लागते.

आता प्रश्न अध्यापनाचा. एक शिक्षक चार इयत्ता खरोखर शिकवू शकतो का? हिशेब करून पाहू. कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. चार इयत्तांना वेगवेगळे शिकवायचे ठरवले तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला दिवसाला एक तास येतो आणि त्या एका तासात भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास हे सगळे बसवावे लागते. उरलेले तीन तास त्या इयत्तेची मुले फळ्यावरचे उतरवून काढतात किंवा खिडकीबाहेर पाहतात. ज्या एकशिक्षकी शाळा, सरकारी असोत वा खासगी, या पद्धतीने चालतात त्या अपयशी ठरतात, आणि अशा शाळा पुष्कळ आहेत. शिक्षक प्रामाणिक असला तरी हा हिशेब त्याला हरवतो.

उपाय आहे तो इयत्तांच्या भिंती पाडण्याचा. शिक्षकांच्या भाषेत यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात. समजा, विषय हातच्याच्या वजाबाकीचा आहे आणि शाळेत पहिली ते चौथीची बावीस मुले आहेत. शिक्षिका ‘तिसरीचे गणित’ काढत नाही. तिला कोणत्या मुलाचे गाडे कुठे अडले आहे ते माहीत असते: नऊ मुलांना दशक सुटा करणे समजलेले नाही, आणि त्यांत दुसरीची पाच, तिसरीची तीन आणि वरच्या वर्गात जाऊनही मागे राहिलेले चौथीचे एक मूल आहे. ही नऊ मुले तिच्याभोवती बसतात. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या जातात, म्हणजे बेचाळीस. त्यांतून सतरा काढायच्या आहेत. दोन सुट्या काड्यांतून सात कशा जाणार, यावर मुले अडतात. मग कोणीतरी एका गठ्ठ्याचा रबर सोडते, सुट्या काड्या बारा होतात, सात बाजूला जातात, पाच उरतात. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक जातो आणि समोर पंचवीस काड्या राहतात. आता वहीत बेचाळीसवर मारलेली काट आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेले तीन आणि बारा यांचा अर्थ मुलांना लागतो. याच वेळी ज्यांना हे येते अशी चौथीची तीन मुले पहिलीच्या मुलांकडून वाचन करून घेत आहेत, चार मुले शब्दकार्डांवर जोडीने काम करत आहेत आणि उरलेली आपापली उदाहरणे सोडवत आहेत. वीस मिनिटांनी गट बदलतात. अशा वर्गात शिक्षिकेचा तास चार तुकड्यांत विभागला जात नाही. तो त्या वेळी ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्या वाट्याला जातो.

हे सहज जमत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीचे साहित्य आधीच तयार असावे लागते आणि मुलांना शिक्षकावाचून वीस-पंचवीस मिनिटे काम करण्याची सवय लागलेली असावी लागते. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली शिक्षणकेंद्राने आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एक-दोन शिक्षकांच्या लहान शाळा चालवताना नेमके हेच साहित्य उभे केले. पद्मनाभ राव आणि रमा या दांपत्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे केली आणि भिंतीवर एक शिडी लावली. मूल शिडीवर आपली पायरी शोधते, त्या पायरीचे चिन्ह असलेले कार्ड घेते, आणि ते काम शिक्षकाजवळ बसून करायचे, सोबत्याच्या मदतीने करायचे की एकट्याने, हेही त्याला कार्डावरूनच कळते. आजारपणामुळे पंधरा दिवस शाळा बुडाली तर मूल परत येऊन त्याच पायरीवर उभे राहते; वर्ग पुढे निघून गेला असे होत नाही. शेतमजुरांच्या मुलांसाठी ही केवढी मोठी सोय आहे, हे वेगळे सांगायला नको. पुढे तमिळनाडूने याच कल्पनेवर आधारलेली कृतियुक्त अध्ययनाची पद्धत चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि नंतर राज्यभर नेली. म्हणजे लहान खासगी शाळांतून निघालेली पद्धत सरकारी व्यवस्थेने उचलली. मोठ्या व्यवस्थेला प्रयोगासाठी जागा नसते आणि लहान शाळेकडे प्रयोगाशिवाय दुसरा मार्ग नसतो; अशा शाळांचे आजच्या शिक्षणातील स्थान शोधायचे तर मला ते सर्वप्रथम इथे दिसते.

कर्नाटकात कोलार जिल्ह्यात डेव्हिड हॉर्सबर्ग यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली नीलबाग ही शाळाही याच जातीची. ती काटेकोर अर्थाने एकशिक्षकी नव्हती, पण इयत्ता आणि परीक्षा बाजूला ठेवून वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकू शकतात, हे तिने दाखवले आणि तिथे तयार झालेले शिक्षक पुढे दूरदूर गेले.

या चांगल्या उदाहरणांवरून कोणतीही खासगी एकशिक्षकी शाळा चांगलीच असते असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. ऋषी व्हॅलीच्या शाळांमागे एक संस्था होती, प्रशिक्षण होते, आठवड्याला भेटणारे सहकारी होते. एकट्या पडलेल्या शिक्षकाकडे यांपैकी काहीच नसते. तो आजारी पडला की शाळा बंद. त्याला इंग्रजी नीट येत नसेल तर बावीसच्या बावीस मुलांचे इंग्रजी कच्चे राहते. एखादे मूल त्याच्या मनातून उतरले, तर त्या मुलाला त्या इमारतीत दुसरे मोठे माणूस नाही. पाचवीपर्यंत एक माणूस सर्व विषय शिकवू शकतो हे मान्य केले, तरी सहावीपासून विज्ञान, बीजगणित आणि तीन भाषा एकट्याने नीट शिकवणारा माणूस दुर्मिळ असतो. म्हणून माझ्या मते अशा शाळेची नैसर्गिक मर्यादा चौथी किंवा पाचवीपर्यंतच आहे.

सर्वांत गंभीर मुद्दा मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि अशा शाळांचे समर्थक तो टाळतात. बंद दाराआड एकच प्रौढ आणि वीस लहान मुले, ही रचना माणूस कितीही सज्जन असला तरी चुकीची आहे. कायद्यातील दोन शिक्षकांच्या अटीमागे हा हेतू स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही, पण त्या अटीचा हा एक मोठा फायदा आहे. यावर मार्ग निघू शकतो: पालकांनी आळीपाळीने दिवसभर उपस्थित राहणे, खोलीचे दार आणि खिडक्या रस्त्याच्या बाजूला उघड्या असणे, मदतनीस म्हणून दुसरी प्रौढ व्यक्ती ठेवणे. यांपैकी काहीच नसेल तर ती शाळा बंद असलेलीच बरी.

पैशांचे गणितही पाहून घेऊ. वीस मुले आणि महिना आठशे रुपये शुल्क धरले, तर सोळा हजार रुपये जमा होतात. जागेचे भाडे, वीज, वह्या-कार्डे यांसाठी पाच हजार वजा केले की शिक्षिकेच्या हाती अकरा हजार उरतात, तेही मे महिन्यात पालकांनी शुल्क दिले तर. मदतनीस ठेवायची तर तिचे मानधन यातूनच. हे परवडत नाही म्हणून मुले वीसची पस्तीस होतात, पस्तीसची पन्नास होतात, आणि लहान शाळेचा जो एकमेव खरा गुण, प्रत्येक मूल शिक्षकाला नीट माहीत असणे, तोच निघून जातो. शुल्क वाढवले तर गरीब पालक गळतात आणि शाळा सुस्थितीतल्या मोजक्या घरांची होते. १८८२ मध्ये जोतीरावांनी अनुदानाचा मुद्दा का काढला, ते या आकडेमोडीतून कळते. केवळ शुल्कावर चालणारी, लहान, चांगली आणि गरिबांना परवडणारी अशी चारही विशेषणे एकाच शाळेला लावता येणे फार अवघड आहे.

आपल्याकडे अशा शाळेच्या वाटेतला आणखी एक अडथळा निव्वळ कागदाचा आहे, पण पालकांच्या लेखी तो अध्यापनाहून मोठा ठरतो. मान्यता नसलेल्या शाळेला यूडायस क्रमांक नाही, तिच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीला, अर्थ नाही, तिने दिलेला शाळा सोडल्याचा दाखला कोणी स्वीकारत नाही. महाराष्ट्रात जात पडताळणीच्या वेळी अर्जदाराच्या, त्याच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या प्राथमिक शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे त्या रजिस्टरमधील नोंदीची प्रत, मागितला जातो. आरक्षणाचा हक्क असलेल्या कुटुंबाने मुलाला बिनमान्यतेच्या शाळेत घालणे म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांसाठी कागदांची साखळी तोडणे होय. त्यामुळे पर्यायी शाळांच्या आणि घरी शिकवण्याच्या चळवळींत सुस्थितीतील, कागदांची फारशी चिंता नसलेली कुटुंबे अधिक दिसतात. आवड-निवडीपेक्षा या दाखल्यांचा त्यात मोठा हात आहे.

मग या शाळांना नियमांच्या चौकटीत आणायचे कसे? इतरत्र काय होते ते थोडक्यात पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाच्या वयाची पाच किंवा अधिक मुले पूर्णवेळ शिकत असतील, तर त्या ठिकाणाला स्वतंत्र शाळा म्हणून नोंदणी करावी लागते आणि तिची तपासणी होते. म्हणजे नियम लागू होतो तो मुलांच्या संख्येवरून, आणि तो शाळेला तपासणीच्या कक्षेत आणतो. आपल्या शेजारी गुजरातने २०१२ च्या आपल्या नियमांत वेगळा प्रयत्न केला. चालू असलेल्या खासगी शाळांना मान्यता देताना इमारत आणि साधने यांना शंभरपैकी पंधराच गुण ठेवले आणि मुलांना प्रत्यक्ष काय येते व पूर्वीपेक्षा किती प्रगती झाली यांना मिळून सत्तर गुण दिले. केवळ चाचण्यांवर भिस्त ठेवली की शाळा चाचणीपुरतेच शिकवू लागतात, हा त्यातील धोका आहेच. पण मैदानाचे क्षेत्रफळ मोजण्यापेक्षा मुलाला वाचता येते का हे पाहणे अधिक अर्थपूर्ण आहे, एवढे तरी मान्य व्हावे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शाळांसाठीच्या अटी कमी जाचक करून पर्यायी नमुन्यांना वाव द्यावा आणि साधनांपेक्षा अध्ययन निष्पत्तीकडे अधिक लक्ष द्यावे असे म्हटले आहे. अधिनियमातील मान्यतेविषयीचे कलम १८ आणि निकषांविषयीचे कलम १९ मात्र आहेत तशीच आहेत.

माझ्या दृष्टीने महाराष्ट्राला झेपेल असा मार्ग असा: तीस मुलांपर्यंतच्या आणि पाचवीपर्यंतच्या शाळांसाठी मान्यतेचा वेगळा, लहान वर्ग करावा. त्यात शिक्षकाची पात्रता सध्याच्या नियमांइतकीच कडक, म्हणजे डी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा, असावी. दिवसभर दुसरी प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक असावे. आणि ही शाळा जवळच्या एखाद्या मोठ्या शाळेला जोडलेली असावी, जिच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलांची नोंद राहील आणि जिचे केंद्रप्रमुख वर्षातून निदान तीनदा येऊन मुलांशी बोलतील. मैदान आणि ग्रंथालय त्या मोठ्या शाळेचे वापरता येईल. खोल्यांची संख्या आणि कुंपण यांवरून अर्ज फेटाळला जाऊ नये. यात सरकारला एक पैसाही अनुदान द्यावे लागणार नाही; अर्थात गरीब वस्तीतील शाळा टिकाव्यात अशी इच्छा असेल तर अनुदानाचा विचार टाळता येणार नाही. ही सवलत जिल्हा परिषदेच्या शाळांत दुसरा शिक्षक न देण्याची पळवाट होऊ नये, याची काळजीही घ्यावी लागेल. कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे घटतील, ही शिक्षक संघटनांची भीती आजच तीव्र आहे. पालकांनी निवडलेली एकशिक्षकी शाळा आणि पद न भरल्यामुळे एकशिक्षकी झालेली शाळा यांत फरक आहे, आणि तो फरक नियमांत लिहूनच ठेवला पाहिजे.

असा वर्ग निर्माण होईपर्यंत ज्या पालकांची मुले शिकवणी, शिक्षणकेंद्र किंवा गृहशिक्षण गट अशा नावांच्या एकशिक्षकी ठिकाणी दिवसभर शिकत आहेत, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार कधीही शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण घेण्याचा हक्क आहे. म्हणजे चौदा वर्षांपर्यंत मान्यताप्राप्त शाळेत परतण्याचे दार उघडे असते. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते, आणि राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या द्यायची असेल तर त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. प्रवेशाच्या वेळी वयाचा मुख्य पुरावा जन्मदाखला हाच असतो, त्यामुळे त्यावरील नाव, आडनाव आणि आईवडिलांच्या नावांचे शुद्धलेखन आधीच दुरुस्त करून घ्यावे; आणि जात पडताळणीची गरज पडू शकेल अशा कुटुंबांनी वडील, आजोबा आणि चुलत्यांच्या शाळांतून निर्गम उतारे मूल लहान असतानाच काढून ठेवावेत, कारण पटाअभावी बंद होणाऱ्या शाळांची जुनी रजिस्टरे नंतर नेमकी कोणत्या कार्यालयात सापडतील, याचा भरवसा नसतो.